लोकशाहीचे प्रकार आणि न्यायाची कसोटी

लोकशाही हा शब्द एकच असला तरी त्या नावाने चालणाऱ्या राज्यव्यवस्था एकसारख्या नाहीत. कोठे जनता स्वतः कायद्यावर मत देते, कोठे ती प्रतिनिधी निवडून कारभार त्यांच्यावर सोपवते, तर कोठे एका व्यक्तीला ठरावीक मुदतीसाठी सर्वोच्च पदावर बसवते. यांपैकी श्रेष्ठ कोणती, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. परंतु त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे: ज्याच्या बाजूने बहुमत नाही, त्याला त्या व्यवस्थेत न्याय मिळतो काय?

प्रत्यक्ष लोकशाहीचे सर्वांत ठळक उदाहरण स्वित्झर्लंडचे आहे. तेथे संसदेने संमत केलेल्या कायद्याविरुद्ध 100 दिवसांत 50,000 नागरिकांनी सह्या केल्या, तर तो कायदा जनमतासाठी ठेवावा लागतो. राज्यकर्त्यांवर एवढा थेट अंकुश अन्यत्र क्वचितच आढळतो. परंतु याच देशात 1959 साली पुरुष मतदारांनी स्त्रियांचा मताधिकार नाकारला. राष्ट्रीय पातळीवर तो मिळण्यास 1971 साल उजाडले. नोव्हेंबर 2009 मध्ये नवे मिनार बांधण्यावर बंदी घालणारा प्रस्ताव 57 टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाला. त्या वेळी संपूर्ण देशात केवळ चार मिनार होते, आणि शासन व संसद या दोहोंनी प्रस्ताव फेटाळण्याची शिफारस केली होती. जनतेचा कौल थेट घेतला म्हणून तो न्याय्य ठरतोच असे नाही, हे यावरून दिसते.

प्रातिनिधिक लोकशाहीत अध्यक्षीय आणि संसदीय असे दोन मुख्य प्रकार आहेत. घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यांतील भेद मार्मिकपणे उलगडला. कार्यकारी सत्तेत स्थैर्य हवे आणि उत्तरदायित्वही हवे; मात्र दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धती अद्याप सापडलेली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेचा अध्यक्ष चार वर्षांसाठी स्थिर असतो, पण त्याला मुदतीपूर्वी दूर करणे अत्यंत कठीण असते. संसदीय मंत्रिमंडळाला मात्र दररोज प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात आणि विश्वास गमावताच पायउतार व्हावे लागते. भारताने स्थैर्यापेक्षा उत्तरदायित्वाला झुकते माप दिले. एप्रिल 1999 मध्ये केंद्रातील सरकार केवळ एका मताने पडले, तेव्हा या निवडीचे बळ आणि तिची किंमत दोन्ही देशाने पाहिली.

मते मोजण्याच्या रीतीनेही चित्र पालटते. ब्रिटनमध्ये 2024 साली सुमारे 34 टक्के मते मिळवणाऱ्या पक्षाला 650 पैकी 400 हून अधिक जागा मिळाल्या. याउलट प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीत लहान गटांचाही आवाज सभागृहात पोहोचतो, पण सरकार बनवणे अवघड होते. बेल्जियमला 2010 च्या निवडणुकीनंतर पूर्ण सरकारसाठी 541 दिवस वाट पाहावी लागली.

इस्लामने कोणत्याही एका चौकटीची सक्ती केलेली नाही. हजरत अबू बकर (रजि.) यांची निवड सकीफा येथील चर्चेतून झाली, हजरत उमर (रजि.) यांचे नाव त्यांच्या पूर्वाधिकाऱ्यांनी सुचवले, तर हजरत उस्मान (रजि.) यांची निवड सहा जणांच्या समितीतून झाली. रीत बदलली, पण मूल्य बदलले नाही. सूरह शूरामध्ये परस्पर सल्लामसलत हा श्रद्धावंतांचा गुण म्हणून सांगितला आहे. उहुदच्या युद्धापूर्वी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा स्वतःचा कल मदीनेत राहून बचाव करण्याकडे होता; तरीही बाहेर पडून सामना करण्याचा अनेक सहाबांचा आग्रह त्यांनी मान्य केला. त्या युद्धात मोठी हानी झाली. असे असूनही त्याच संदर्भात अवतरलेल्या सूरह आले इमरानच्या आयतीत सहकाऱ्यांना क्षमा करण्याचा आणि त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचाच आदेश आहे. हानी झाली म्हणून सल्लामसलतीचे दार बंद झाले नाही.

परंतु सल्लामसलतीलाही मर्यादा आहे, आणि ती न्यायाची आहे. एखाद्या समूहाविषयीचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, ही कुरआनची ताकीद जशी एकट्या माणसाला आहे, तशीच ती बहुमतालाही लागू होते. खलीफा झाल्यावर हजरत अबू बकर (रजि.) यांनी पहिल्याच भाषणात सांगितले, की दुर्बलाला त्याचा हक्क मिळवून देईपर्यंत तो आपल्या दृष्टीने बलवानच राहील. कोणतीही राज्यव्यवस्था पारखण्यासाठी याहून नेमकी कसोटी कोणती असू शकेल? राज्यघटनेतील मूलभूत हक्क आणि स्वतंत्र न्यायालये यांचे महत्त्व येथेच आहे. संख्येने जे हिरावले जाऊ शकते, त्याचे ती रक्षण करतात.

ही कसोटी केवळ राज्यकर्त्यांना लावून आपण मोकळे होऊ शकत नाही. मशिदीची विश्वस्त समिती, मोहल्ल्याची जमात, गावची ग्रामसभा, इतकेच नव्हे तर आपले घर, येथेही कोणाचे तरी बहुमत असते आणि कोणाचा तरी आवाज दबतो. तेथे स्त्रियांचे, तरुणांचे, गरिबांचे म्हणणे ऐकले जाते काय? मत ही साक्ष आहे आणि पद ही अमानत आहे. पैसा, नातेगोते किंवा द्वेष पाहून दिलेले मत ही खोटी साक्ष ठरते. निवडणुकीचा निकाल एका दिवसात लागतो; पण त्या साक्षीचा हिशेब आपल्याला अल्लाहसमोर द्यायचा आहे.