शेवटचा कोपरा

हे मनन गाडी बंद असतानाच करावं. आपल्याला सिलिंडरच्या आत जायचं आहे, आणि इंजिन चालू असताना तिथे सगळं फार झपाट्याने घडतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिस्टनला तळापासून माथ्यापर्यंत यायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. तेवढाच काळ आपण ताणून घेऊ. घाई नको.

पिस्टन तळाशी आहे. वर हवा आणि पेट्रोलची वाफ भरलेली, व्हॉल्व्ह मिटलेले. आता तो वर सरकतो आहे. जागा अर्धी झाली, मग पाव, आणि शेवटी दहावा हिस्सा उरला. कॉम्प्रेशन रेशो दहाला एक म्हणतात तो हाच. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक कसं तापतं ते आठवा. इथे २७ अंशांची हवा, भिंतींनी काहीच उष्णता घेतली नाही असं धरलं, तर ४८० अंशांच्या घरात जाते. ठिणगी अजून पडलेलीच नाही. या आकड्यापाशी जरा थांबा.

इतकं दाबायचं कशाला? कारण जास्त दाबलेला वायू जळल्यावर जास्त पसरतो आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं. कागदावरच्या आदर्श इंजिनात रेशो ८ असेल तर उष्णतेतला ५६ टक्के भाग कामी येतो, १० असेल तर ६०. खरं इंजिन याच्या बरंच मागे राहतं, पण ओढ त्याच दिशेची असते.

आता ठिणगी. ज्योत प्लगपासून निघते आणि सगळीकडे पसरत जाते. जळालेला वायू फुगतो आणि पुढच्या न जळलेल्या वायूला आणखी दाबतो, आणखी तापवतो. तुमचं लक्ष ज्योतीवरून काढा आणि प्लगपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात न्या. तिथला चिमूटभर वायू अजून जळायचा आहे. ज्योत त्याच्याकडे निघाली आहे, आणि इकडे तो स्वतःच पेट घेण्याच्या बेतात आहे. ज्योत आधी पोचली तर काम सुरळीत होतं. तो आधी पेटला तर सगळा कोपरा एकदम भडकतो, दाबाच्या लाटा भिंतीभिंतींवर सेकंदाला सहा-सात हजार वेळा आदळतात आणि बाहेर आपल्याला टकटक ऐकू येते. हेच नॉकिंग. ते फार वेळ चाललं तर पिस्टनच्या ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

इंजिनाच्या ताकदीची हद्द त्या कोपऱ्यात ठरते. पेट्रोलचा ऑक्टेन आकडासुद्धा तो वायू किती वेळ कळ काढू शकतो, एवढंच सांगतो.

आता टर्बो आणू. एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं चाक हवा आधी बाहेरच दाबतं, मग ती सिलिंडरमध्ये जाते. म्हणजे पिस्टन वर निघण्याआधीच दाबण्याचा काही भाग उरकलेला असतो. बाहेर हवेचा दाब दुप्पट केला, तर ती सहज नव्वदेक अंशांनी तापते. आता हे नव्वद अंश मनात धरा आणि पिस्टनबरोबर पुन्हा वर चला. रेशो दहाच राहिला तर माथ्यावर पोचेपर्यंत त्यांचे सव्वादोनशे होतात, कारण आधीची उष्णता गुणली जाते. इंटरकूलर हवा मधेच थंड करतो तो यासाठी. साध्या इंजिनाला झेपणारा रेशो टर्बोच्या इंजिनाला झेपत नाही, तोही यामुळेच.

१९६२ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या दोन शाखांनी याच कोड्याची दोन उत्तरं बाजारात आणली. शेव्हरोलेने टर्बोच्या कॉर्व्हेअरचा रेशो आठवर आणला. सरळ तोडगा, पण किंमत रोजची: टर्बो जोरात नसतो, तेव्हाही दाबणं कमीच. ओल्ड्समोबिलने जेटफायरच्या व्ही-८ इंजिनात १०.२५ चा रेशो ठेवून वर टर्बो चढवला, आणि कोपरा थंड ठेवायला मिथेनॉल व शुद्ध पाण्याचं मिश्रण आत सोडलं. ते वाफ होताना उष्णता शोषून घेई. मला हे दुसरं उत्तर अधिक देखणं वाटतं. पण त्यासाठी मालकाने वेगळी टाकी भरत राहायला हवी होती, आणि मालक ती भरेनात. टाकी रिकामी झाली की गाडी टर्बोचा दाब आपणच रोखायची. जेटफायर दोन वर्षांत संपली, अनेक गाड्यांवरचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर बसले. टर्बोवाली कॉर्व्हेअर १९६६ पर्यंत टिकली.

तिसरं उत्तर ऐशीच्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधून आलं. साबमध्ये पेर गिलब्रँड यांच्या पुढाकाराने इंजिनच्या अंगालाच एक सेन्सर लावला गेला. तो टकटक ऐकतो, आणि ती सुरू होताच टर्बोचा दाब उतरवला जातो. त्यामुळे साबच्या टर्बोचा ७.२ चा रेशो ८.५ पर्यंत चढवता आला. पुढे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाऊ लागलं, तिथेच त्याची वाफ होऊन हवा निवू लागली, आणि आता दहाच्या रेशोची टर्बो इंजिनं नवलाची राहिली नाहीत. म्हणजे जेटफायरची युक्तीच, फक्त वेगळी टाकी गेली.

आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलकडेही याच कोपऱ्यातून पाहा. इथेनॉलचा ऑक्टेन वरचा, आणि वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषतं. पण लिटरमागे त्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी. ठरावीक रेशोच्या जुन्या साध्या इंजिनाला वाढलेल्या ऑक्टेनचा फारसा उपयोग नाही, मायलेज मात्र घटतं. त्यासाठी घडवलेलं, सेन्सरवालं टर्बो इंजिन तीच सवलत वापरून ठिणगी थोडी आधी टाकू शकतं.

आणि घाटात, वरच्या गिअरमध्ये गाडी कुंथत असताना टकटक ऐकू आली, तर गिअर उतरवताना आत काय होतं तेही पाहा. फेरे वाढतात, दर फेऱ्यामागचा भार हलका होतो, आणि त्या कोपऱ्यातल्या वायूला आपण होऊन पेटायला वेळच उरत नाही.