"काकू, कुणाला सांगणार नाही ना?"

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात सेवेचा वृत्तांत पाठवला, तेव्हा काही जणींनी विचारलं की शाळेतल्या उपक्रमाबद्दल एवढं त्रोटक का लिहिलंत? खरं सांगायचं तर तिथे आमच्या हातून एक चूक झाली होती. आणि ती सुधारायला गेलो तर दुसरी झाली. त्या दोन्ही चुकांमधून एक प्रश्न उभा राहिला, तो आज आपल्यासमोर मांडतो आहोत. तो फक्त शाळेचा नाही, आपल्या प्रत्येकाच्या घरातला आहे.

आम्ही पाच-सहा भगिनी इंदूरमधल्या एका शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला जातो. आठवी ते दहावीची मुलं असतात. थोडी प्रार्थना, पाच मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसणं, एखादी गोष्ट, आणि मग गप्पा. सुरुवातीला वाटलं होतं की आपण संस्कार द्यायला जातोय. दोन-तीन महिन्यांत कळलं की मुलांना गोष्टीपेक्षा गप्पा हव्या असतात. त्यातही वर्गासमोरच्या नाहीत, तर तास सुटल्यावर सतरंज्या घडी करताना, एकट्यानं केलेल्या.

बाहेरून बघताना शाळा म्हणजे अभ्यास, मार्क, पीटीएम. आतून बघितलं तर ते एक आख्खं गाव असतं. मधल्या सुट्टीत कोण कुणाशेजारी डबा उघडतं, वर्गाच्या ग्रुपमधून कुणाला काढून टाकलं, सहलीच्या बसमध्ये कुणाशेजारची सीट रिकामी राहिली, ह्यावर तिथे माणसाचं सुख-दुःख ठरतं. आपल्याला ह्या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण आपल्याला वाळीत टाकलं तर आपण घर बदलू, भिशी बदलू, मोहल्ला बदलू. चौदा वर्षांच्या मुलीला उद्या सकाळी सातला त्याच बाकावर जाऊन बसायचं असतं.

अशीच नववीतली एक मुलगी आमच्यातल्या एकीजवळ बोलली. तिच्याशी वर्गात महिनाभर कुणी बोलत नव्हतं. डबा ती बाथरूमजवळच्या जिन्यात बसून खायची, किंवा खायचीच नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "काकू, कुणाला सांगणार नाही ना?" आमच्या भगिनीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाही गं बाळा."

आणि त्याच संध्याकाळी तिनं मुलीच्या आईला फोन केला.

हेतू चांगलाच होता. आईला कळायला नको का? पण आईनं घाबरून जावेला सांगितलं, जावेनं नणंदेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की आमच्या अमुकसाठी सगळ्यांनी प्रार्थना करा, ती डिप्रेशनमध्ये आहे. खाली हात जोडलेले वीस-पंचवीस इमोजी. त्या ग्रुपमधली एक चुलत बहीण त्याच शाळेत होती. सोमवारी ते वर्गात पोचलं. आधी मुली फक्त बोलत नव्हत्या, आता हसायला लागल्या. ती पुढचे कितीतरी शनिवार आमच्या तासाला आली नाही.

(हे लिहिण्याआधी तिला विचारलं आहे. तिनं वाचलं, एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. ओळख पटेल असे तपशील दोन्ही ठिकाणी बदलले आहेत. पुढच्या प्रसंगातल्या मुलाची आणि त्याच्या आईवडिलांचीही परवानगी घेतली आहे.)

आम्ही सगळ्या बसलो, रडलो, आणि एक नियम केला. मुलांनी सांगितलेलं आपल्या पोटातच राहील. शब्द दिला म्हणजे दिला.

मग जानेवारी आला. दहावीच्या प्री-बोर्डचे मार्क लागले होते. एक मुलगा, कधीही फार न बोलणारा, सतरंजीचं दुसरं टोक धरून हळूच म्हणाला, "काकू, मी नसतोच तर घरच्यांचे कोचिंगचे पैसे तरी वाचले असते." आणि लगेच, "घरी सांगू नका हं. प्रॉमिस?"

प्रॉमिस दिलं गेलं. नियमच होता तसा.

आमची ती भगिनी दोन रात्री झोपली नाही. नियम मोडायचा नाही म्हणून आम्हालाही काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आरती झाल्यावर तिला रडू फुटलं. नाव न घेता म्हणाली, "शब्द पाळला आणि पोरगं गेलं तर मी महाराजांसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू?"

आता सांगा, एका ठिकाणी शब्द मोडला म्हणून मुलगी दुखावली. दुसऱ्या ठिकाणी शब्द पाळत होतो, तर मुलाच्या जिवाशी खेळ होत होता. मग धर्म कशात आहे? शब्द पाळण्यात की मोडण्यात?

त्या दिवशी कर्णपर्वातली गोष्ट आठवली. कौशिक नावाचा एक ब्राह्मण होता. नेहमी खरंच बोलायचं, असं त्याचं व्रत. एकदा लुटारूंच्या भयानं पळालेली माणसं जवळच्या रानात लपली. लुटारूंनी कौशिकाला विचारलं आणि त्यानं खरं ते सांगून टाकलं. माणसं मारली गेली. व्रत शाबूत राहिलं, आणि कौशिक नरकात गेला. ही गोष्ट श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात, आणि तीही केव्हा? गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि युधिष्ठिरच संतापात तसं बोलून गेला, म्हणून अर्जुन भावावर शस्त्र उचलायला निघाला होता तेव्हा. भगवंतांनी त्याला अडवलं. आणि तोड काय काढली, तर थोरल्याला एकेरीत बोलून त्याचा अपमान कर, मोठ्याला तोच मृत्यूसमान. म्हणजे प्रतिज्ञा अगदीच वाऱ्यावर सोडली नाही, पण तिच्यासाठी जीवही जाऊ दिला नाही.

आम्हाला ह्यातून दोन गोष्टी उमगल्या. कौशिक खोटं बोलला नाही, पण त्यानं आपलं व्रत सांभाळलं, माणसं नाही. आमचा नियमही तसाच झाला होता. मुलाची काळजी कमी, आणि पुन्हा आपल्या हातून चूक नको ही धास्ती जास्त. आणि दुसरी गोष्ट अर्जुनाकडून. त्याची खरी चूक त्या दिवसाची नव्हती. पुढे काय होईल हे न बघता प्रतिज्ञा करून टाकली, तिथेच ती झाली होती. आम्हीही मूल काय सांगणार आहे हे माहीत नसताना "नाही गं बाळा, कुणाला सांगणार नाही" म्हणून मोकळे होतो. आपल्याला वाटतं आपण प्रेम देतोय. प्रत्यक्षात, आपल्याला पाळता येईल की नाही हे ठाऊक नसलेला शब्द देऊन टाकतो.

म्हणून आता आम्ही तो शब्द देत नाही. मूल विचारतं, "सांगणार नाही ना?" आम्ही म्हणतो, "तुझी गोष्ट मी कुणाला गंमत म्हणून किंवा चर्चा म्हणून सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे असं वाटलं, तर मी एकटी गप्प बसू शकणार नाही. कुणाला सांगायचं ते आधी तुला सांगेन, आणि तू म्हणशील तर तुझ्यासोबत येईन."

कायद्यातही असाच विचार आहे हे नंतर समजलं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा उपचार करणाऱ्यांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. तेवढीच, जास्त नाही. आम्ही डॉक्टर नाही, पण हा "तेवढीच" शब्द आम्ही गाठीला बांधला. पहिल्या वेळी आमचं चुकलं ते ह्याच ठिकाणी. मुलीला न विचारता सांगितलं, आणि वर्गशिक्षिकांशी शांतपणे बोलून जे काम झालं असतं त्यासाठी आख्खं खानदान जागं केलं. लैंगिक त्रासाची गोष्ट असेल तर मात्र सांगू की नको हा प्रश्नच उरत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं, माहीत असलेल्या माणसाला पोलिसांकडे कळवणं बंधनकारक आहे, मग तो त्रास देणारा घरातला का असेना. तिथे "घराची अब्रू" हा शब्द आपण उच्चारूही नये.

आता कुणी म्हणेल, असं आधीच बजावलं तर मुलं बोलतीलच कशाला? ही शंका खरी आहे. एक मुलगा आमचं हे वाक्य ऐकून "काही नाही काकू" म्हणाला आणि निघून गेला. अजून बोललेला नाही. त्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण खोट्या शब्दावर त्यानं मन मोकळं केलं असतं आणि उद्या तो शब्द मोडावा लागला असता, तर तो आमच्याशीच काय, पुढे कुठल्याच मोठ्या माणसाशी बोलला नसता. त्याच्यासाठी दार उघडं आहे. दर शनिवारी आम्ही तिथे असतो, हे त्याला दिसतं.

आणि तो दहावीतला मुलगा? त्या सकाळी आमची भगिनी शाळेत गेली. आधी त्यालाच भेटली आणि म्हणाली, "मी तुला शब्द दिला, तो द्यायला नको होता. आता मी तो मोडणार आहे. माझं चुकलं, पण तू मला हवा आहेस." तो चिडला, पाठ फिरवून उभा राहिला. तरी ती तिथेच बसून राहिली. मग वर्गशिक्षक, मग आई-वडील, मग डॉक्टर. वडिलांना आम्ही एकच विनंती केली, आज त्याला काही समजावू नका, नुसते जवळ बसा. परीक्षा त्यानं दिली. मार्क किती पडले ते आम्ही विचारलं नाही. आता अकरावीत आहे. भेटला की नमस्कार करतो, पण आमच्या त्या भगिनीशी पूर्वीसारखं बोलत नाही. ती म्हणते, "नाही बोलला तरी चालेल, दिसतो ना."

महाराज सांगतात की सेवा करताना आपलं चांगुलपण जपत बसू नये. त्याचा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, कॉलेज, कोचिंग सगळ्यांसाठी सूचना दिल्या आहेत. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि मार्कांवरून मुलांच्या वेगवेगळ्या बॅच पाडू नयेत, असं त्यात आहे. पुढच्या पीटीएमला मार्कांसोबत हेही विचारा की इथे समुपदेशक कोण, आणि मुलांना ते माहीत आहे का? केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ ह्या नंबरवर चोवीस तास मोफत आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८. हे दोन्ही नंबर देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, मुलांच्या नजरेला पडतील असे. आणि मरणाची भाषा कुणी मुलानं केली, तर "नाटकं करतोय" म्हणू नका. सरळ, शांतपणे विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?" विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. मग त्याला एकटं सोडू नका.

आणि ही विनंती आपल्या सगळ्यांच्याच ग्रुपसाठी. मुलाचं दुःख प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा नावासकट पुढे पाठवू नका. देवाला नाव माहीत असतं.

ती नववीतली मुलगी दिवाळीनंतर पुन्हा तासाला यायला लागली. मागच्या शनिवारी आठवीतल्या एका नव्या मुलीला घेऊन आली. आमच्याकडे बोट दाखवून तिला म्हणाली, "ह्यांना सांग. ह्या कुणाला सांगणार असतील तर आधी तुला विचारतात."

जय गुरुदेव.

आपल्या,
शालेय उपक्रमातील सेवेकरी भगिनी, इंदूर