वर्दीतला न मरणारा खुनी

विल्यम लस्टिग दिग्दर्शित ‘मॅनिअ‍ॅक कॉप’ (१९८८) हा जेमतेम अकरा लाख डॉलरच्या आसपास खर्चात उभा राहिलेला चित्रपट. लेखन लॅरी कोहेन यांचे. सुरुवातीलाच लुटारू मागे लागलेली एक तरुणी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पोलिसाला पाहून त्याच्याकडे धाव घेते आणि तो पोलीसच तिची मान मोडतो. पकडले गेलेले लुटारू ‘खून पोलिसाने केला’ असे सांगतात, तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही. रक्तपाताच्या स्वस्त करमणुकीत मोडणाऱ्या या चित्रपटाने पहिल्या काही मिनिटांतच एक गंभीर प्रश्न मांडला आहे: संरक्षकच मारेकरी निघाला, तर तक्रार कोणाकडे करायची आणि खरी कोणाची मानली जायची?

स्लॅशरपटांतला खुनी सहसा मुखवटा घालतो. ‘हॅलोवीन’मधला मायकल मायर्स पांढऱ्या मुखवट्यामुळे भयंकर वाटतो. इथे त्या खुनी पोलिसाला, मॅट कॉर्डेलला, वेगळा मुखवटा लागत नाही. श्रेयनामावलीत वर्दी चढवणारे हात दिसतात, पुढे त्याच्या दंडुक्यातून पाते बाहेर येते. अधिकाराची चिन्हेच हत्यारे होतात. म्हणून ही भीती एका माणसापुरती उरत नाही. खुनी पोलिसाची बातमी फुटल्यावर बंद पडलेल्या गाडीतली एक बाई मदतीला आलेल्या निरपराध पोलिसाला घाबरून गोळी घालते. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा मृत्यू हाच. विश्वास गेला की प्रामाणिक शिपायाचाही बळी जातो.

ही भीती हवेतून आलेली नव्हती. सप्टेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकात भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून पकडलेला मायकल स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या ताब्यात बेशुद्ध झाला आणि पुढे रुग्णालयात दगावला. १९८४ मध्ये त्याच शहरातल्या ब्राँक्समध्ये घर रिकामे करून घेताना पोलिसाच्या गोळीने एलिनॉर बम्पर्स ही ६६ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री मेली. दोन्ही खटल्यांत पोलीस निर्दोष सुटले. चित्रपट या घटनांचे नाव घेत नाही, पण त्या ज्या शहरात घडल्या, त्याच शहराची ही गोष्ट आहे.

कॉर्डेलचा भूतकाळ मात्र मला खटकतो. तो सत्ताधाऱ्यांच्या भानगडींच्या जवळ पोहोचलेला धडाडीचा अधिकारी. त्याला आरोपींवरील अत्याचारासाठी सिंग सिंग तुरुंगात धाडले जाते. तिथे कैदी त्याच्यावर तुटून पडतात आणि बाहेर तो मेला असेच मानले जाते. यामुळे दंडेलशाही हा गुन्हा न राहता राजकारण्यांनी केलेला अन्याय ठरतो, आणि ज्यांच्यावर हात उगारला गेला ते लोक कथेबाहेर राहतात. कॉर्डेलच्या सुडाचे कारण हातात आले की चित्रपट मूळ प्रश्नापासून दूर सरकतो.

तरीही त्याची मूळ कल्पना तकलादू नाही. गोळ्या झेलूनही कॉर्डेल पडत नाही. शेवटी नदीत बुडालेली त्याची गाडी वर काढतात, तर ती रिकामी निघते. जाब विचारला न जाणारा अधिकार असाच टिकतो: एक अधिकारी निलंबित होतो, प्रकरण मिटते, पद्धत चालू राहते. एका खलपुरुषाला संपवून ती थांबत नाही. ती थांबवायला स्वतंत्र चौकशी हवी आणि तक्रारदार कितीही क्षुल्लक वा गुन्हेगार असला तरी त्याचे म्हणणे नोंदवले जायला हवे. लुटारूंची साक्ष वेळीच गांभीर्याने घेतली असती, तर पुढचे कितीतरी खून टळले असते.