योगातील देहाचा प्रवेश

योगाच्या प्राचीनतेचा विषय निघाला की मोहेंजोदडो येथील एका मुद्रेचा हवाला हटकून दिला जातो. बैठक घातलेल्या आणि भोवती पशू असलेल्या त्या आकृतीत पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांना शिवाचे पूर्वरूप दिसले. परंतु सिंधू लिपी अद्याप उलगडलेली नसताना केवळ बैठकीवरून साधनेचे अनुमान काढणे धाडसाचेच आहे. कठोपनिषदात मात्र योगाचा स्पष्ट उल्लेख येतो आणि इंद्रिये स्थिरपणे आवरून धरणे हा त्याचा अर्थही तेथेच सांगितलेला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत या विचाराला शास्त्राची बांधणी लाभली. चित्तात उठणाऱ्या वृत्ती, म्हणजे यथार्थ ज्ञान, भ्रम, कल्पना, निद्रा आणि स्मृती हे व्यापार, शमले की पुरुष, म्हणजे केवळ साक्षी असलेले चैतन्य, प्रकृतीहून, म्हणजे चित्तासह साऱ्या जड सृष्टीहून, आपले वेगळेपण जाणतो. या वेगळेपणालाच कैवल्य म्हणतात. जीवाशिवाचे मीलन ही योगाची रूढ कल्पना त्यामुळे पतंजलींना लागू पडत नाही. त्यांच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनाच्या वाट्याला अवघी तीन आली आहेत, तीही बैठक स्थिर व सुखाची असावी एवढ्यापुरती.

मग देहाला एवढे महत्त्व आले कोठून, याचे एक उत्तर मराठीतच सापडते. गीतेच्या सहाव्या अध्यायात शरीर, मान आणि मस्तक सरळ ठेवावे इतकेच सांगितले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वर टाच कोठे दाबावी, हनुवटी कंठाशी कशी भिडवावी, पोट कसे आत ओढावे याचे बारकावे देतात आणि मूळबंध, जालंधर व वोढियाणा हे तीन बंध बांधून झाल्यावर जागी होणाऱ्या कुंडलिनीचे, म्हणजे देहात सुप्त असलेल्या शक्तीचे, वर्णन रंगवतात. हे नाथपंथाचे मर्म असल्याची कबुलीही ते देतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधील, म्हणजे इसवी सन १२९० ची, तर हठयोगाचा प्रमाणग्रंथ मानली जाणारी स्वात्मारामांची हठप्रदीपिका पंधराव्या शतकातली. हा क्रम योगाच्या इतिहासलेखनात पुरेसा लक्षात घेतला जात नाही. हठप्रदीपिकेतही आसन ही पहिलीच पायरी असून शेवटचा उपदेश समाधी आणि नादानुसंधान यांना, म्हणजे आत उमटणाऱ्या नादावर चित्त लावण्याला, वाहिलेला आहे.

विसाव्या शतकात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास योगाच्या संशोधनासाठी संस्था काढली आणि तिला कैवल्यधाम हे पतंजलींची आठवण देणारे नाव दिले; तिच्या प्रयोगशाळेत मात्र ज्ञानेश्वरांच्या वोढियाण्याचा, म्हणजेच उड्डियान बंधाचा, पोटातील दाबावर होणारा परिणाम यंत्राने मोजला गेला.