पडद्यावरचा सरंजाम

गेल्या साली एका दिवाळी अंकात एका विद्वान गृहस्थांनी असा निर्वाळा दिला की, ज्या दिवशी ख्रिस्ती धर्मोपदेशक दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चढला त्याच दिवशी उपदेशाचा व्यापार झाला. आमचा कीर्तनकार माणसांशी बोलतो, हा मात्र त्यांच्या खिशाशी. सिद्धान्त मोठा टाळीबाज आहे; परंतु कीर्तन आटोपल्यावर आरतीचे तबक श्रोत्यांत का फिरते, याचा उलगडा त्या लेखात कोठे सापडला नाही. रेव्हरंड टिळकांनी येशूची कथा कीर्तनातून सांगितली म्हणून कीर्तन बाटले नाही; मग पडद्याने उपदेश बाटतो, हे कोणत्या न्यायाने?

या गृहस्थांनी बिशप फुल्टन शीन यांचा नामोल्लेखही टाळला, आणि माझा खरा राग तेथे आहे. १२ फेब्रुवारी १९५२ रोजी ड्यूमाँट या अमेरिकेतील दुबळ्या वाहिनीने शीन यांना मंगळवारी रात्री आठची वेळ दिली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर मिल्टन बर्ल हा तत्कालीन विनोदसम्राट असे. म्हणजे ही नेमणूक नव्हे, बळीच. शीन यांच्यापाशी खांद्यावरचा झगा, हातातला खडू आणि मागचा फळा, एवढाच सरंजाम. फळ्याच्या माथ्यावर येशू, मेरी व जोसेफ यांची आद्याक्षरे, खाली विषयाची मांडणी. फळा भरला की ते पुढे सरकत, तेवढ्यात कॅमेऱ्याच्या नजरेआड कोणी कर्मचारी तो पुसून टाकी, आणि मागे वळताच शीन त्या अदृश्य सेवकाला आपला देवदूत म्हणत. १९५३ साली एमी पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. या बिशपला प्रायोजक लाभला तोही दूरचित्रवाणीचे संच विकणारा! मानधन मिशनकार्याच्या निधीत जाई. त्या निधीवरूनच न्यूयॉर्कचे कार्डिनल स्पेलमन यांच्याशी वितुष्ट आले, १९५७ साली कार्यक्रम बंद पडला. पण धर्मगुरूंमधल्या या तंट्याची फिर्याद त्यांनी प्रेक्षकांच्या दरबारात नेली नाही.

येथवर मी शीन यांचा वकील आहे. परंतु पॅट रॉबर्टसन या दुसऱ्या अमेरिकन दूरचित्रवाणी-उपदेशकाची कैफियत ऐकली की वकिली अवघड होते. त्यांची वाहिनी १ ऑक्टोबर १९६१ रोजी सुरू झाली. १९६३ साली खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी त्यांनी दरमहा १० डॉलर देणारे ७०० दाते मागितले, आणि त्या संख्येवरूनच पुढे कार्यक्रमाचे नाव पडले. १९८८ साली हेच गृहस्थ अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले व आयोवात थोरल्या बुश यांनाही मागे टाकून दुसरे आले. वर्गणीदार केव्हा मतदार झाले, याची नोंद कोणत्या दप्तरात शोधावी?

दादरा-नगर हवेलीतल्या राखोलीत बसून हा प्रश्न विचारताना या भूमीचाच दाखला आठवणे क्रमप्राप्त आहे. १७ डिसेंबर १७७९ च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगीजांना १२,००० रुपयांच्या वार्षिक वसुलीचा मुलूख देऊ केला. तो सरंजाम होता, वसुलीचा हक्क होता, राज्य नव्हे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. दहा डॉलरची वर्गणी हाही असाच सरंजाम, त्यातून मनावरील सार्वभौमत्व निपजत नाही, असे म्हणून लेखणी ठेवण्याचा माझा विचार होता.

परंतु १२ एप्रिल १९६० चा निकाल मला तेवढ्या स्वस्तात सुटू देत नाही. मूळ देणगी वसुलीचीच होती हे न्यायालयाने मान्य केले, आणि पुढे हेही मानले की, मराठ्यांनंतर आलेल्या इंग्रजांनी हरकत घेतली नाही, मौनाने संमती दिली, म्हणून त्या मुलखावर पोर्तुगीजांचे स्वामित्व प्रस्थापित झाले. म्हणजे सरंजामदाराच्या लोभापेक्षा दुसऱ्या पक्षाचे मौन अधिक फलदायी ठरले. रॉबर्टसन यांनाही गादी प्रक्षेपणाच्या मनोऱ्याने दिली नाही. हिशेब न विचारता दरमहा रक्कम धाडणाऱ्या घरांनी दिली. आमच्याकडील बाबा, बुवा आणि स्वामींच्या वाहिन्या याच नियमाने चालतात. तेव्हा खापर एकट्या ख्रिस्ती उपदेशकाच्या माथी फोडण्याचे प्रयोजन काय?

त्याच निकालात न्यायालयाने माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना व सामान्य मालाला वाट दिली. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नाकारली. पडद्यावरच्या उपदेशकालाही हाच दंडक लावावा. शब्दाला घरात खुशाल येऊ द्यावे, मतपेटीवरचा हुकूम उंबऱ्याबाहेर थोपवावा, आणि वर्गणीची पावती घेताना जमाखर्चही मागावा. तो मागण्याचा आळस केला, तर पुढे सार्वभौमत्व गेल्याची तक्रार कोणत्याही हेगमध्ये दाखल होणार नाही.