अनिकेत : पत्ता नाही, पण घर आहे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १९

थोडक्यात अर्थ असा : निंदा आणि स्तुती ज्याला सारखीच वाटते, ज्याचं बोलणं ताब्यात आहे, जे मिळेल त्यात जो समाधानी असतो, ज्याचं ठरावीक असं घर नाही आणि ज्याची बुद्धी स्थिर आहे, असा भक्त मला आवडतो, असं भगवान अर्जुनाला सांगतात.

गेले काही दिवस आपण भक्ताची लक्षणं एकेक करून पाहतोय. बाकीची पटतात. निंदा-स्तुतीचं कळतं, समाधानाचंही कळतं. पण 'अनिकेत' या शब्दापाशी आपण अडखळतो. निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. घर नसणं हा गुण कसा काय होऊ शकतो?

आपल्यातल्या अनेकांसाठी हा शब्द दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा आहे. पुण्यात किंवा बंगळुरूत ११ महिन्यांचा करार, मग पुन्हा नवीन फ्लॅट, पुन्हा डिपॉझिट, पुन्हा तीच खोकी. कुणाचा गावचा वाडा भावकीच्या वाटणीत विकला गेला. कुणाची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि लहानपणाची गॅलरी कायमची पुसली गेली. कुणाचे आईवडील गेले. घर अजून उभं आहे, किल्लीही जवळ आहे, पण जावंसं वाटत नाही. अशा माणसाला "अरे, देव हेच खरं घर" असं सांगणं सोपं असतं. ऐकणाऱ्याला मात्र ते कोरडं वाटतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून माउलींकडे जाऊ.

ज्ञानेश्वरीत या शब्दावर माउली वाऱ्याचा दृष्टान्त देतात. तिथे एक शब्द येतो, 'बिढार'. म्हणजे आपलं बिऱ्हाड. वाड्यात भाड्याने राहणाऱ्यांना पूर्वी बिऱ्हाडकरू म्हणायचे, तेच हे बिऱ्हाड. वारा कुठेच बिऱ्हाड मांडून बसत नाही. पण म्हणून वाऱ्याला आपण बेघर म्हणतो का? सगळं आकाश त्याला राहायला मोकळं आहे. तसंच या भक्ताचं असतं. एका जागेचा आसरा त्याने धरलेला नसतो, त्यामुळे सगळं जगच त्याला विसाव्याची जागा होतं. आणि पुढे माउली म्हणतात की ज्याला विश्व हेच आपलं घर वाटतं आणि ज्याची ही समज ढळत नाही, तो शेवटी स्वतःच चराचर होऊन जातो.

आता हे कोण सांगतंय ते बघा.

परंपरेने आपल्याला जे चरित्र सांगितलं आहे त्यात वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले, म्हणून कुटुंबाला वाळीत टाकलं गेलं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं. मागे राहिली चार पोरकी भावंडं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई. समाजात परत घ्यावं म्हणून शुद्धिपत्र मागायला ती आळंदीहून पायी पैठणला गेली. म्हणजे 'तुमचं इथे काही नाही' हे वाक्य या मुलांनी खूप लहानपणी ऐकलं होतं. त्यांच्यापैकीच एकाने पुढे नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. परंपरेप्रमाणे तेव्हा त्यांचं वय पंधरा-सोळा.

विश्व हे घर आहे, हे एसी हॉलमध्ये बसून काढलेलं वाक्य नाही. ज्याच्या तोंडावर गावाने दार लावलं, त्याचा हा अनुभव आहे. म्हणून तो आपल्यालाही आधार देऊ शकतो.

पण मग ज्ञानदेवांना हे घर सापडलं कसं? माझ्या मते उत्तर श्लोकांच्या क्रमात आहे. भक्तलक्षणं १३व्या श्लोकापासून सुरू होतात. तिथे सुरुवातीलाच काय आहे? कुणाचाही द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, सगळ्यांविषयी करुणा. अनिकेत हा शब्द येतो थेट १९व्या श्लोकात. आधी माणसं परकी वाटायची थांबतात, मग जागा परकी वाटायची थांबते. आपण हे उलट करायला जातो. आधी मला आपलंसं वाटणारं ठिकाण मिळू दे, मग मी लोकांशी बोलेन!

ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात माउली काय मागतात, आठवा. ज्या जगाने वाळीत टाकलं त्याला शिक्षा मागत नाहीत. दुष्टांचा दुष्टपणा जावो, आणि जीवांचं एकमेकांशी मैत्र जडो, हे मागतात. घर मागितलंच नाही. मैत्र मागितलं.

याचं चालतं-बोलतं रूप म्हणजे वारी. आळंदीहून निघालेली पालखी पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे मुक्काम करत पंढरपूरला जाते. आज इथे तंबू, उद्या पुढच्या गावात. पण संध्याकाळी तळावर समाजआरती होते, चोपदार दंड उंचावतात, एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. कुणाचं काय हरवलं, काय सापडलं, हेसुद्धा तिथेच पुकारलं जातं. घरात संध्याकाळी होतं तेच की हे! आणि हाक कशी मारतात? पोलिसाला माउली, चहावाल्याला माउली, पाय तुडवून पुढे गेलेल्यालाही माउलीच. माउली म्हणजे आई. ज्याला रस्त्यात जागोजागी आई भेटते, तो परक्या गावात कसा असेल?

आणि वारकरी घर सोडून पळालेला नसतो बरं का. त्याचं शेत आहे, संसार आहे, वारी झाली की तो परत पेरणीत रमतो. अर्जुनालाही भगवंतांनी वनात पाठवलं नाही. त्यामुळे गावच्या घराची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आलं तर भक्ती कमी पडली असं समजू नका. आठवण येणारच. प्रश्न एवढाच की आपलं सगळं स्थैर्य त्या एका पत्त्यावर टांगलेलं आहे का. कोडिंग करणाऱ्यांना लगेच कळेल : पत्ता हार्डकोड केला की सर्व्हर हलला रे हलला, प्रोग्राम बंद. श्लोकात अनिकेतच्या लगेच पुढचा शब्द आहे 'स्थिरमती'. घर बदलेल. बुद्धीला बसायची जागा ठरलेली हवी.

आजचा अभ्यास दोनच गोष्टींचा :

एक, तुमचीही समाजआरती ठरवा. हरिपाठातला एक अभंग किंवा पाच मिनिटं नामस्मरण, रोज एकाच वेळी. पीजी असो, हॉटेल असो, रात्रीची ट्रेन असो. मुक्काम बदलला तरी ती वेळ बदलू नका.

दोन, रोज दिसणाऱ्या पण नाव माहीत नसलेल्या एका माणसाचं नाव विचारा. सोसायटीचा वॉचमन, स्वयंपाकाच्या ताई, डबेवाले काका. कुठलं गाव, घरी कोण असतं, विचारा. तेही बहुतेक घर मागे ठेवूनच आलेले असतात. त्यांना तुमच्याशी बोलताना दोन मिनिटं घरच्यासारखं वाटलं, तर तेवढं घर तुमचंही झालं.

उद्या श्लोक २०, या अध्यायातला शेवटचा. भेटूच.

राम कृष्ण हरी!