साथ ओसरते, फाटक राहते

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींनी आणि दाट चाळींनी वेढलेल्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याला तपासून त्याचा आजार ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे निदान केले. आणि सहा महिने उलटण्यापूर्वीच मुंबईकराकडे पाहण्याची जगाची दृष्टी पालटली. १८९७ च्या फेब्रुवारीत युरोपीय राष्ट्रांचे प्रतिनिधी व्हेनिस येथे एकत्र बसून, मुंबईहून निघणारा माणूस व माल आपल्या किनाऱ्यापासून किती दूर रोखून धरता येईल याचा खल करू लागले. त्याच महिन्यात इकडे हिंदुस्थान सरकारने साथीच्या रोगांचा कायदा अवघ्या आठवडाभरात संमत करून घेतला आणि मुंबई व कराची या बंदरांतून हजला जाण्याची वाट त्या वर्षापुरती बंद केली. आगबोटींच्या बळावर ज्या शहराची भरभराट झाली, त्याच शहराचा उतारू परमुलखाच्या बंदरात संशयित ठरला.

साथ सरहद्दी बंद करते, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्या काळाची हकीकत बारकाईने पाहिली म्हणजे ध्यानात येते की, सरहद्द सर्वांना सारखी कधीच बंद होत नाही; साथ तेथे एक चाळण लावते, आणि त्या चाळणीची छिद्रे रोगाच्या मापाने पाडलेली नसून पुष्कळदा माणसाच्या दर्जाच्या मापाने पाडलेली असतात. शिवाय साथ ओसरल्यावरही ही चाळण सहसा कोणी काढून ठेवीत नाही.

प्लेगच्या दिवसांत रेल्वेच्या फलाटावर जे घडे, त्यात ही गोष्ट उघड दिसत असे. गाडी थांबली की तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना खाली उतरवून रांगेत उभे करीत. तपासणाऱ्याचा हात शेकडो लोकांदेखत काखेत आणि जांघेत गाठ चाचपीत फिरे, आणि या विटंबनेतून स्त्रियाही सुटत नसत. वरच्या वर्गाच्या उतारूंशी मात्र हीच तपासणी पुष्कळ सौम्यपणे होई. समुद्रावरही हाच न्याय चाले. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर तुर्की अंमलदार यात्रेकरूंच्या बोटी थांबवीत, त्यांचे कपडे वाफेत घालीत, त्यांना छावणीत दिवस काढायला लावीत, आणि या अटकावाचा खर्च पुन्हा त्याच गरीब यात्रेकरूंकडून वसूल करीत. त्याच समुद्रातून युरोपाकडे निघालेल्या डाकबोटींना इतका जाच सोसावा लागत नसे. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली, आणि पुढे ती टोचून घेतलेल्यांना दाखले मिळू लागले आणि त्या दाखल्यांच्या आधारे काही निर्बंधांतून सूट मिळू लागली. माणसाच्या प्रवासाची मुभा त्याच्या दंडावरील लशीशी जोडणारा कागद आपल्याकडे तेव्हाच जन्माला आला होता.

सव्वाशे वर्षांनी कोविडची साथ आली, तेव्हा महाराष्ट्र सरकारने २०२० च्या मार्चमध्ये अंमलात आणला तो हाच १८९७ चा कायदा. त्याच्या महिनाभर आधी जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ ही प्रवासी बोट ३,७११ माणसांसह अडकून पडली होती. तिच्यावर १३८ भारतीय होते आणि त्यांतील बहुतेक नोकरवर्गापैकी होते. उतारूंनी आपापल्या खोल्यांत बंद राहावे असा हुकूम सुटला. पण बंद दाराआड बसलेल्याला जेवण कोणीतरी नेऊन द्यावे लागते, आणि ते नेणारा माणूस दारोदार ताटे पोहोचवून, सामायिक भोजनगृहात जेवून, खालच्या मजल्यावरील सामायिक खोलीत निजत होता. एकाच बोटीवर, एकाच रोगाच्या छायेत, उतारूसाठी विलगीकरण होते आणि चाकरासाठी चाकरी. सुमारे ७०० जणांना त्या बोटीवर संसर्ग झाला. साथीच्या काळातील स्थलांतरिताची अवस्था मला या दृश्यात साररूपाने दिसते: त्याचे श्रम अत्यावश्यक, आणि त्याचा देह मात्र अडचणीचा.

पुढे लशीच्या बाबतीत तर हा भेद विलक्षण स्वरूपात प्रकट झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले लशीचे लक्षावधी डोस ब्रिटनने स्वतःच्या नागरिकांना दिले. पण तीच लस भारतात टोचून घेतलेल्या माणसाला २०२१ च्या ऑक्टोबरात लस न घेतलेल्यांत गणण्याचे ठरवले. भारताने जशास तसे निर्बंध लादले आणि काही दिवसांत तो नियम मागे घेण्यात आला. तथापि पुण्याची कुपी विश्वासार्ह आणि पुण्याचा दंड मात्र संशयास्पद, हा न्याय वैद्यकशास्त्राचा नव्हे.

पैशाच्या बाबतीत असा संशय कोणी घेतला नाही. स्थलांतरित घरी पाठवतात ती रक्कम २०२० साली सुमारे २० टक्क्यांनी घटेल, असे भाकीत जागतिक बँकेने केले होते. प्रत्यक्षात घट अगदीच किरकोळ झाली आणि एकट्या भारतात त्या वर्षी सुमारे ८३ अब्ज डॉलर आले. आखातात नोकरी टिकेल की नाही या विवंचनेत असलेल्या माणसांनी स्वतःच्या खर्चाला कात्री लावून घर सांभाळले. माणूस फाटकापाशी अडला होता, त्याचा पगार मात्र बिनदिक्कत पलीकडे जात होता.

याचा अर्थ निर्बंध मुळातच अन्यायाचे, असा मात्र नव्हे. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० रोजी परकीयांना प्रवेश बंद केला आणि पुढचे वर्षभर पुष्कळ प्राण वाचवले. हे पुण्य थोडे नव्हे. परंतु त्याच काळात, २०२१ च्या मे महिन्यात, भारतातून परतू पाहणाऱ्या स्वतःच्याच नागरिकांना ऑस्ट्रेलियाने पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची भीती घातली, तेव्हा सावधगिरीची मर्यादा ओलांडली गेली. कारण स्वतःच्या माणसाला दाराबाहेर ठेवणारे राज्य रोगापासून आपले रक्षण करीत नसते, तर आपल्या कर्तव्यापासून पळत असते.

म्हणून निर्बंधाला तीन अटी असाव्यात असे मला वाटते. त्याला मुदत असावी, आणि ती संपताच, तो उठवण्याची कोणी मागणी करण्याची वाट न पाहता, तो आपोआप गळून पडावा. तो देहातील रोग पाहून लागू व्हावा, पारपत्रावरील राजमुद्रा किंवा तिकिटाचा वर्ग पाहून नव्हे. आणि ज्याला अडवायचे त्याच्या अन्नाची, निवाऱ्याची व परतीची जबाबदारी अडवणाऱ्याने उचलावी. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत विनाकारण व्यत्यय येऊ नये, हे तत्त्व २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत लिहिलेले आहेच. पण भीतीचा पहिला आठवडा उजाडला की कागदावरचे तत्त्व मागे पडते आणि हाती लागेल तो हुकूम पुढे होतो.

याच कारणाने हे काम साथ नसताना, शांत चित्ताने करून ठेवले पाहिजे. आठवडाभराच्या घाईत केलेला एक कायदा सव्वाशे वर्षे टिकला आणि ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांच्या वाटेत येऊन उभा राहिला. पुढच्या साथीत फाटकापाशी अडणारा माणूस आज कोठेतरी कामावर आहे, निर्धास्त आहे, आणि त्याच्या वतीने बोलण्याची हीच वेळ आहे.